गार वाटणारी दुपार

घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि इब्राहिममामू साठ फूट उंच परांचीवर उभा राहून चक्क गाणं म्हणत होता.

खाली तंबूत बसलेल्या पाहुण्यांना त्या गाण्यातलं अक्षरही कळत नव्हतं. मजूर मंत्रालयाचे चार अधिकारी, ऊर्जा संशोधन संस्थेचे संचालक डॉ. नासिर, कॅमेरे सांभाळणारी दोन माणसं, सगळे माना वर करून बघत होते आणि कपाळ टिपत होते. हवेचं तापमान अठ्ठेचाळीस अंश होतं. वाळूवर हात टेकवला तर फोड यावा अशी वेळ. अशा उन्हात छप्पन्न वर्षांचा एक माणूस लोखंडी नळ्या जोडता जोडता गातो आहे, हे त्यांच्या डोळ्यांना पटत नव्हतं.

डॉ. सफिया परकारला ते गाणं लगेच ओळखू आलं. दाभोळच्या खाडीत होडी ओढताना म्हणतात ते. ती वॉकीटॉकीवर दबक्या आवाजात म्हणाली, "मामू, मोठी माणसं आली आहेत. जरा गप्प बस."

"गप्प कशाला बसू गो?" वरून उत्तर आलं. "पाठीवर कोणी ओला पंचा टाकल्यासारखं वाटतंय. विचार त्यांना, वर येता का म्हणून."

सफियाने ते अरबीत सांगितलं तेव्हा तंबूत हशा पिकला. फक्त मंत्रालयाच्या उपसचिव मरियम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "असं किती वेळ राहू शकेल हा माणूस?"

"काम संपेपर्यंत," सफिया म्हणाली. तिला तेव्हा तसंच वाटत होतं.

मामूच्या अंगावरचा पांढराशुभ्र सदरा सफियाच्या सात वर्षांच्या मेहनतीचं फळ होता. जगातली प्रत्येक उबदार वस्तू डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असते. माणसाचं अंगही टाकतं. हवा यातल्या बहुतेक लहरी अडवते, पण त्यांचा एक अरुंद पट्टा मात्र आरपार निघून जातो, थेट अवकाशात. शास्त्रज्ञ त्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. सफियाने धाग्यांत काचेचे अतिसूक्ष्म मणी विणून असं कापड तयार केलं होतं, की ते शंभरातले शहाण्णव भाग ऊन परतवून लावी आणि अंगातली उष्णता बरोबर त्या खिडकीतून वर सोडून देई. खिडकीच्या पलीकडे अवकाशाची अफाट थंडी होती. ना वीज, ना पंखा, ना बर्फ. भर उन्हात कापडाखालची हवा बाहेरच्यापेक्षा नऊ अंशांनी गार राही.

ती या कामाच्या मागे का लागली, हे तिने कधी कुठल्या भाषणात सांगितलं नाही. तिचे वडील याच आखातात वीस वर्षं उन्हात राबले. घाम गाळून गाळून पन्नाशीच्या आत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आणि सफिया बारावीत असताना तेही गेले. पुढे आईच्या भावाने, इब्राहिममामूने, तिचं सगळं शिक्षण केलं. तो तेव्हाही परांची बांधत होता आणि २०४१च्या त्या मे महिन्यातही बांधत होता. फरक इतकाच, की आता तो तीनशे माणसांचा फोरमन होता, आणि रास अल-मिल्हच्या वाळवंटात जो भला मोठा कारखाना उभा राहत होता, तो उन्हापासून हायड्रोजन बनवणार होता.

त्या देशात उन्हाळ्याचे चार महिने साडेअकरा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी होती. मंत्रालयाचा विचार असा होता, की हे कापड घालणाऱ्यांसाठी ती बंदी उठवावी. सफियाच्या संस्थेला हे हवं होतं, बांधकाम कंपनीला तर हवंच होतं. बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण सर्वांत जास्त हवं होतं ते मामूच्या टोळीला.

"तुमच्या त्या सुट्टीने आमचा दिवस मधोमध कापला जातो," मामू म्हणायचा. "पहाटे चारला उठायचं, दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तळमळत पडायचं, परत संध्याकाळी सातपर्यंत वर. घरी फोन करायचा तर पोरं झोपलेली. एका दमात काम झालं तर दोनला आम्ही मोकळे. तुझं कापड आम्हाला अर्धा दिवस देतंय गो."

जून आणि जुलै हे दोन महिने चाचणीसाठी मिळाले. मामूसह चोवीस जण कापड घालून भर दुपारी काम करणार होते. सकाळी प्रत्येकाने औषधाच्या गोळीएवढं तापमापक गिळायचं. ते पोटातून शरीराच्या आतलं तापमान दर मिनिटाला कळवत राही आणि तळावरच्या कंटेनरमध्ये सफियाच्या पडद्यावर चोवीस रेषा सरकत राहत. सात आठवडे त्या रेषा इतक्या शांत होत्या, की बघता बघता तिला जांभया येत. डॉ. नासिरांनी तर मंत्र्यांना सांगूनही टाकलं, "आम्ही दुपार जिंकली."

जुलैच्या अखेरीस एका सकाळी वारा फिरला.

एरवी तो वायव्येकडून, वाळवंटावरून कोरडा ठणठणीत यायचा. त्या दिवशी तो समुद्रावरून आला. तापमान एकदम एक्केचाळीसवर उतरलं. माणसं खूश झाली. "आज हवा बरी आहे," असं एकमेकांना सांगत वर चढली.

साडेअकराला सफियाच्या लक्षात आलं, की सात नंबरची रेषा वर चालली आहे. अडतीस पूर्णांक चार. दहा मिनिटांनी अडतीस पूर्णांक आठ. सात नंबर म्हणजे मामू. गोळीत बिघाड असेल असं वाटून तिने बाकीच्या रेषा पाहिल्या. अकरा, चौदा, एकोणीस, सगळ्याच हळूहळू चढत होत्या.

"मामू, कसं वाटतंय?"

"झकास. गार आहे."

"पाणी प्यायलास?"

"तहान कुठे लागलीय?"

एकोणचाळीस पूर्णांक एक.

"मामू, खाली ये. सगळ्यांना घेऊन ये. आत्ता."

"हा एवढा जोड होऊ दे. काय घाई लागलीय तुला?" मग जरा थांबून, अगदी मायेने तो म्हणाला, "हसीना, भात टाकलास का गो?"

हसीना हे सफियाच्या आईचं नाव. ती दाभोळला होती, दोन हजार किलोमीटर दूर.

सफियाने एक क्षणही वाया घालवला नाही. मामूच्या शेजारी काम करणाऱ्या टेकबहादुरला तिने थेट हुकूम सोडला, "त्याच्या हातातला पाना काढून घ्या. पट्ट्याला दोर बांधा आणि खाली सोडा. तो नाही म्हणाला तरी सोडा." मग भोंगा वाजवून तिने चोवीसच्या चोवीस जण उतरवले. मामूला बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टाकीत गळ्यापर्यंत बुडवला तेव्हा रेषा एकोणचाळीस पूर्णांक आठवर होती आणि तो लहान मुलासारखा कुरकुरत होता, "सोडा मला. मला काहीसुद्धा झालेलं नाही."

पाऊण तासाने तो भानावर आला. भोवती त्याचीच टोळी उभी होती. त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि मग भाचीकडे.

"माझ्या माणसांसमोर मला गोणीसारखं उतरवलंस," तो म्हणाला. "तीस वर्षांत मला कोणी हात धरून खाली आणलं नव्हतं."

"मामू, तुझं तापमान..."

"तुझं यंत्र चुकलं असेल. मला गार वाटत होतं. आता तू जाऊन सांगशील, साहेब लोक परत बंदी घालतील, आणि आम्ही परत शेडमध्ये जाऊन पडू." तो उठला आणि टॉवेल न घेताच निघून गेला. त्यानंतर नऊ दिवस त्याने तिचा फोन उचलला नाही.

यंत्र चुकलं नव्हतं. त्या चोवीस रेषा पुढ्यात पसरून सफिया तीन दिवस बसली आणि सगळं लख्ख दिसायला लागलं. हवेत बाष्प वाढलं की वातावरणाची ती खिडकी बंद होते, वर गेलेली उष्णता बाष्पच अडवतं. दमट हवेत घामही वाळत नाही. म्हणजे अंगातली उष्णता बाहेर जायची दोन्ही दारं एकाच वेळी बंद. हे तिला आधीही ठाऊक होतं. कापड अशा दिवशी कमी काम करेल असं तिने अहवालात लिहिलेलंही होतं. तिच्या ध्यानात आली नव्हती ती वेगळीच गोष्ट. कापड ऊन परतवत राहतंच. पाठीला चटका बसत नाही, खांदे भाजत नाहीत, माणसाला आपण सावलीत आहोत असं वाटतं. आणि चटका बसला नाही तर माणूस थांबत नाही, पाणी पीत नाही, आडोसा शोधत नाही. आत शरीर शिजत असतं आणि कातडी सांगत असते, सगळं ठीक आहे.

तिच्या कापडाने ऊन थांबवलं होतं आणि त्यासोबत उन्हाची सूचनाही बंद केली होती.

डॉ. नासिरांच्या खोलीत ती गेली तेव्हा तिथे कापड बनवण्याचा करार केलेल्या परदेशी कंपनीचा प्रतिनिधी आधीच बसला होता. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"वर्षातले असे दिवस किती?" त्याने विचारलं.

"चाळीस. कदाचित पन्नास."

"मग सोपं आहे. कॉलरच्या आत एक चिठ्ठी शिवू. दमट हवेत वापरू नये."

"परांचीवरचा माणूस कॉलर उलटून वाचेल?" सफियाने विचारलं. "कुठल्या भाषेत? आणि वाचलं तरी ऐकेल का? त्याला गार वाटत असतं."

"डॉक्टर, बंदी उठवण्यावरची मंत्रालयातली सुनावणी सहा दिवसांवर आहे. चोवीसपैकी कोणी दगावलेलं नाही."

"नाही दगावलं, कारण मी पडद्यासमोर बसले होते. उद्या हे कापड दोन लाख माणसं घालतील. त्यांच्या पडद्यासमोर कोण बसणार आहे?"

प्रतिनिधी निघून गेल्यावर डॉ. नासिरांनी उठून दार लावून घेतलं. ते पहिल्यापासून सफियाच्या पाठीशी उभे होते. सात वर्षांपूर्वी मुलाखतीत बाकी सगळ्यांनी तिच्या कल्पनेला नाक मुरडलं, तेव्हा त्यांनीच तिला प्रयोगशाळा दिली होती.

"ही आकडेवारी मांडली तर ते करार मोडतील," ते म्हणाले.

"मोडू देत."

"आणि मी मंत्र्यांना काय सांगितलं होतं, ते तुम्हाला माहीत आहे." मग ते थोडं हसले. "ठीक आहे. दुपार अजून जिंकलेली नाही, हे मीच जाऊन सांगतो. पण सफिया, नुसतं नाही म्हणायला जाऊ नका. नाही म्हणणारे त्या खोलीत रोज येतात. त्यांना काहीतरी करायला द्या."

शुक्रवारी, नमाजानंतर, ती कामगारांच्या वसाहतीत गेली. मामू ओट्यावर बसून बोंबील भाजत होता. त्याने मान वर केली नाही. तिने काही न बोलता सात नंबरच्या रेषेचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

रेषेवरून बोट फिरवत त्याने विचारलं, "मी काय काय बोललो, ते यात आहे?"

"बोलणं नाही, पण वेळ आहे." तिने पेनाने खूण केली. "इथे तू झकास म्हणालास. इथे म्हणालास, तहान लागली नाही. आणि इथे मला हसीना म्हणालास. भात टाकला का, असं विचारलंस."

बोंबील उलटता उलटता मामूचा हात थांबला.

"मी तुला हसीना म्हटलं?"

"हो."

"आठवत नाही." तो कागदाकडे बघत राहिला. "साठ फुटांवर होतो मी. खाली टेकबहादुरची माणसं होती. हातात चार किलोचा पाना." त्याने बोंबील तव्यावरून काढले, तवा खाली ठेवला आणि हात पुसले. "वरून मला खाडी दिसत होती असं पुसट वाटतंय. गोड वाटत होतं सगळं. तुझ्या बापाचंही असंच झालं असेल का गो?"

"त्यांना चटका बसत होता, मामू. ते तरी सावलीला जात. म्हणून तर वीस वर्षं काढली."

मामूने एक बोंबील तिच्या ताटलीत वाढला. तिने तो खाल्ल्यावर त्याने विचारलं, "ती सुनावणी कधी आहे?"

"मंगळवारी."

"मी येतो. पण एक ऐक. बंदी जशीच्या तशी परत आणायची भाषा करशील तर मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. माझ्या माणसांना त्यांचा अर्धा दिवस मिळाला पाहिजे."

"त्यासाठीच तर आले," सफिया म्हणाली आणि तिने दुसरा कागद उघडला. पुढचे दोन तास दोघं त्यावर भांडत बसली होती.

सुनावणीच्या दिवशी दालन गच्च भरलं होतं. डॉ. नासिरांनी दोन वाक्यांत आपला शब्द मागे घेतला, सफियाने रेषा दाखवल्या. कापडाच्या कंपनीच्या वकिलाने अधूनमधून हरकती घेतल्या. शेवटी अध्यक्षपदी बसलेल्या मरियम यांनी मामूला पुढे बोलावलं. तो इस्त्रीचा सदरा घालून, टोपी नीट करून उभा राहिला. त्याची अरबी तीस वर्षांच्या बांधकामांवर शिकलेली, मोडकीतोडकी आणि बिनधास्त होती.

"त्या वेळी तुम्हाला काय त्रास होत होता?" मरियम यांनी विचारलं.

"काही नाही."

"चक्कर? मळमळ?"

"काही नाही, बाईसाहेब."

वकील पुढे सरसावला. "म्हणजे यांना काहीच झालं नव्हतं."

"मी तेच सांगायला आलोय," मामू त्याच्याकडे वळून म्हणाला. "मला फार छान वाटत होतं. माझ्या बहिणीशी गप्पा मारत होतो मी. ती इथे नाही, दाभोळला असते."

मरियम यांनी पेन खाली ठेवलं.

मग सफियाने आपली मागणी मांडली. कायदा घड्याळाकडे बघतो, आणि धोका हवेत असतो. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी कापड घालून बारा वाजताही सुखाने काम करता येतं. दमट दिवशी सकाळी आठलाही माणूस मरू शकतो, आणि त्या वेळी आजचा कायदा त्याला वाचवत नाही. तेव्हा वेळेची बंदी काढा आणि हवेची घाला. प्रत्येक सदऱ्याच्या मनगटावर ती अशी पट्टी बसवून देईल, की बाष्प मर्यादेबाहेर गेलं की ती पांढऱ्याची लाल होईल. आणि लाल झाल्यावर काम थांबवायचा हुकूम इंजिनियरचा नसेल, कंपनीचाही नसेल. परांचीवर उभ्या असलेल्या फोरमनचा असेल.

हे शेवटचं कलम मामूचं होतं. त्यासाठीच ते दोन तास भांडले होते.

"पट्टी कधी तयार होईल?" मरियम यांनी विचारलं.

"पुढच्या उन्हाळ्याआधी."

"तोवर जुनी बंदी कायम राहील," मरियम म्हणाल्या. "पट्टी माझ्या टेबलावर आली, की पुढचं बोलू."

परदेशी कंपनीने करार मोडला. सफियाच्या गटातले दोघे दुसरीकडे गेले. तो हिवाळा तिने उरलेल्या तिघांना घेऊन काढला. हवेतलं पाणी पिऊन फुगणारा एक जेल तिने शोधला. तो फुगला की त्याच्यातल्या बारीक थरांमधलं अंतर वाढतं आणि त्यावरून परतणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. शाई नाही, बॅटरी नाही. अडचण एकच होती. घामाने भिजलेल्या मनगटावर पट्टी उगाचच लाल व्हायची. मार्चमध्ये तिच्यावर बाष्प आत घेणारा पण पाण्याचा थेंब अडवणारा पडदा बसला आणि पट्टी खरं बोलायला लागली. एप्रिलमध्ये ती मरियम यांच्या टेबलावर होती. नवा नियम रास अल-मिल्हपुरता, एका उन्हाळ्यासाठी, मंजूर झाला. कापड आता देशातल्याच एका छोट्या गिरणीत विणलं जात होतं.

जूनच्या बारा तारखेला सकाळी नऊला पाच कमी असताना सफियाचा फोन वाजला. पलीकडे कारखान्याचा मुख्य अभियंता होता.

"मॅडम, तुमच्या मामांनी काम बंद केलंय! तीनशे बारा माणसं खाली उतरवलीत. अहो, अजून नऊसुद्धा वाजले नाहीत. ऊनही धड नाही."

"पट्टीचा रंग कोणता आहे?"

"लाल. पण पट्टीत काही दोष असेल तर? तुम्ही एकदा येऊन बघा आणि त्यांना सांगा."

"मी येते," सफिया म्हणाली. "पण त्यांना सांगायचा अधिकार मला नाही. तुम्हालाही नाही."

ती पोचली तेव्हा हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. मोठ्या गार शेडमध्ये माणसं पाय पसरून बसली होती. कोणी पत्ते खेळत होतं, कोणी गावाकडे फोन लावला होता. अभियंता मामूसमोर उभा राहून हातवारे करत होता आणि मामू शांतपणे चहा पीत होता. सफियाने पाच जणांची तापमानं तपासली. दोघांची अडतीसच्या वर गेली होती. तिने आकडे अभियंत्याला दाखवले. त्याने ते दोनदा वाचले, मग तोही एक कप चहा घेऊन बाकावर बसला.

साडेदहा वाजले. साडेअकरा वाजले. आकाश पांढुरकं होतं. साडेबाराच्या सुमाराला शेडच्या पडद्याची बाजू बदलली, तो आतल्या बाजूला फडफडायचा तो बाहेर फडफडू लागला. वायव्येकडून वारा आला होता, कोरडा, वाळूचा वास असलेला. सूर्य बरोबर डोक्यावर आला आणि सावल्या पायाखाली गेल्या. तापमान सेहेचाळीस, सत्तेचाळीस असं चढत गेलं.

मामूने बाही जराशी वर सरकवली. लाल रंग विटकरी झाला होता. बघता बघता तो फिका पडला. मामूला घाई नव्हती. पट्टी पूर्ण पांढरी होईपर्यंत तो थांबला, मग त्यावर आणखी पाच मिनिटं थांबला. सव्वा वाजता त्याने कप खाली ठेवला, उठून उभा राहिला आणि शेडभर घुमेल अशा आवाजात ओरडला,

"चला रे, उठा! दुपार झाली, कामाला लागा!"